संसदेत बसायचं कसं?

आमच्या घरात थोरले आबा खाकरले की बायका उठून उभ्या राहत. थोरले आबा म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ. सोप्यात पाऊल टाकण्याआधी ते एकदा घसा साफ करत आणि त्या आवाजासरशी माझी आई, म्हणजे त्यांची धाकटी भावजय, हातातलं काम टाकून, डोईवर पदर ओढून भिंतीकडेला सरके. थोरल्या दिरासमोर बसायचं नाही, खुर्चीवर तर मुळीच नाही, आणि त्यांच्याशी थेट बोलायचं नाही. हे नियम कुणी घातले ते ठाऊक नाही. आबांनी घातले नव्हते, आईनं मागितले नव्हते. कागलजवळच्या आमच्या गावात बहुतेक शेतकऱ्यांच्या घरांत ते होतेच.

म्हणून दोघं बोलत नसत असं मात्र नाही. भरपूर बोलत. फक्त मध्ये कुणीतरी लागे. मी घरात असले तर मी, नसले तर म्हैस. आबा गोठ्यापाशी उभे राहून म्हशीला सांगत, "आज दुपारी पावणं हायती गं जेवायला." आतून आई भांड्यांना म्हणे, "आदी सांगाय काय हुतं?" म्हैस रवंथ करत राही आणि दुपारी पाहुणे पोटभर जेवून जात. मी रोज एस.टी.नं कोल्हापूरला कॉलेजला जायला लागले तसं मला हे सगळं फार मागासलेलं वाटू लागलं. मी ते तोंडावर म्हणूनही दाखवी. आई म्हणे, "म्हशीला कळतंय तेवढं तुला कळू दे आदी, मग बोल."

त्याच सुमारास ग्रामपंचायतीत बायकांसाठी जागा राखीव झाल्या. आमच्या वॉर्डात उभी करायला पॅनेलला बाई हवी होती आणि आईइतकी माणसं ओळखणारी दुसरी बाई गावात नव्हती. ती निवडून आली. पण सरपंच झाले थोरले आबा, आणि तिथं सगळं घोडं अडलं.

पंचायतीच्या खोलीत एक लांब टेबल, भोवती खुर्च्या, मधल्या खुर्चीवर आबा. आई दाराजवळ बस्कर टाकून खाली बसे. कुणी बसवलं नव्हतं. दुसरीकडे बसली असती तर मात्र सगळ्यांना चुकल्यासारखं झालं असतं. ग्रामसेवक बिचारा टेबलाला वळसा घालून यायचा, खाली वाकून तिची सही घ्यायचा आणि कमरेवर हात ठेवून परत जायचा. दूध संस्थेत फॅट कमी लागली म्हणून काट्यावरच्या माणसाला घाम फोडणारी माझी आई मिटिंगला तोंडातून शब्द काढत नसे. घरी आल्यावर मात्र चुलीपुढं अख्खी मिटिंग ती नव्यानं घेई, आणि त्या मिटिंगमध्ये सगळे ठराव तिचेच मंजूर होत. मी म्हणायची, "हे तिथं बोल की." ती म्हणायची, "तिथं भाऊजी असत्यात." एवढ्यावर विषय संपे आणि माझं डोकं फिरे.

एकदा टीव्हीवर संसदेतलं काहीतरी दाखवत होते. एक बाई उठून बोलत होती. आई भाकरी थापायची थांबली आणि पिठाच्या हातानं टीव्हीपुढं आली.

"ही बाई खुर्चीवरनं उठली न्हवं?"

"हो."

"आन् समोर थोरली माणसं बसल्यात?"

"असणारच की."

आईनं बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "टीव्हीत काय, कुणीबी कुठंबी बसतंय. मला एकदा डोळ्यांनी बघायचं हाय."

त्या दिवसापासून तिनं हे एकच मनात घेतलं. तिला ताजमहाल नको होता, लाल किल्ला नको होता. तिला आत जाऊन बाई खुर्चीवर बसलेली बघायची होती, आणि ते बघितल्याशिवाय तिचा त्यावर विश्वास बसणार नव्हता.

योग असा की दिल्लीचं वेड आबांनाही होतं. तरुणपणी तालमीत घुमलेला, अजूनही चालताना छाती काढून चालणारा हा माणूस दिल्लीचं नाव निघालं की लहान होई. पंचायतीच्या सदस्यांनी दिल्ली बघून यायची, हे त्यांनीच काढलं आणि पारावर बसून गावाला शब्द देऊन टाकला, "आल्यावर समदं सांगतो. कोण कुठं बसतंय, कोण काय बोलतंय, समदं." नवं धोतर आणलं. फेट्याला खळ दिली. सगळी आखणी माझ्या गळ्यात पडली, कारण कॉलेजच्या सहलीतून मी एकदा दिल्ली बघून आले होते. माझं दिल्लीविषयीचं ज्ञान छोले-भटुरे कुठं चांगले मिळतात यापलीकडे फारसं नव्हतं, पण गावात तेवढंही कुणाकडे नव्हतं.

आधी तारीख. ऊस कारखान्याला गेल्याशिवाय कुणी हलणार नव्हतं. चैत्रात जोतिबाची यात्रा, गावची सासनकाठी जायची, त्याआधी परत यायला हवं. आणि मधल्या तेवढ्याच फटीत संसद चालू असायला हवी, नाहीतर मोकळ्या खुर्च्या बघायला मिळाल्या असत्या. मी कोल्हापुरात चौकशी केली तर कळलं की देशाचं बजेट नेमकं आमचा ऊस गेल्यावर असतं. आबांना हे ऐकून फार बरं वाटलं. "म्हणजे दिल्लीवाल्यास्नी शेतीतलं कळतंय," ते म्हणाले.

मग ठिकाणं. पारावर रोज संध्याकाळी बैठक बसे आणि मी पुस्तकातली चित्रं दाखवून एकेक ठिकाण मंजूर करून घेई.

"हे राष्ट्रपती भवन."

"आत घेत्यात?"

"नाही. बाहेरून बघायचं."

"बाहेरनं तर आपला कोल्हापूरचा न्यू पॅलेसबी दिसतोय की," एक सदस्य म्हणाले. "त्यासाठी दिल्लीला कशाला?"

कुतुबमिनारवर चढू देत नाहीत म्हटल्यावर त्यालाही विरोध झाला. खाली उभं राहून मान दुखवून घेण्यात कुणाला रस नव्हता. इंडिया गेट हा नुसता दरवाजा असून त्याला घर नाही, हे मी कसंबसं पटवलं. संसदेला मात्र एकमत होतं. खासदारांच्या शिफारशीनं प्रेक्षक गॅलरीचे पास मिळायची व्यवस्था झाली आणि आबा दोन दिवस जमिनीवर नव्हते.

अडचण काढली ती माझ्या वडिलांनी. माझे वडील कमी बोलत, पण बोलत ते नेमकं दुखऱ्या जागी. एका रात्री जेवताना ते म्हणाले, "तिथं हिनं बसायचं कसं?"

आईचा घास हातातच राहिला. मला पहिल्यांदा प्रश्नच कळला नाही. मग वडिलांनी पाट मांडून समजावलं. गॅलरीत बाकांच्या रांगा असतात, मागची रांग पुढच्यापेक्षा उंच. पुस्तकात बघून हे मीच त्यांना सांगितलं होतं. आता आई आबांच्या मागं बसली तर त्यांच्यापेक्षा उंच बसणार. पुढं बसली तर त्यांच्या डोळ्यांसमोर बसणार. शेजारी बसली तर बरोबरीनं बसणार. वडिलांनी तिन्ही पाट हलवून हलवून बघितले. चौथी दिशा सापडेना.

"उभी राहते मी," आई म्हणाली.

"उभं राहू देत नाहीत."

"मग खाली बसते."

"खाली पण बसू देत नाहीत. आई, ती संसद आहे."

"मग ते बांधणाऱ्यानं जरा इचार कराय पायजे हुता," आई म्हणाली, आणि उठून निघून गेली. मी हसत सुटले. पण परड्यात भांडी घासताना ती नेहमीसारखी बडबडत नव्हती. तेव्हा मला वाईट वाटलं, आणि रागही आला. कुणाचा, ते मात्र ठरवता येईना. आबांचा म्हणावा तर त्यांनी काही केलं नव्हतं. बाकांचा म्हणावा तर तेही शहाणपणाचं दिसेना.

शेवटी मीच तोड काढली. दोन तुकड्या करायच्या. आधी आबा आणि पुरुष मंडळी आत जाऊन येतील, ते बाहेर आले की आई, मी, वडील आणि दुसऱ्या सदस्यबाई. एका वेळी एकच तुकडी आत, म्हणजे प्रश्नच मिटला. वडिलांनी मान डोलावली. म्हशीमार्फत आबांना कळवण्यात आलं. आबांनी म्हशीला सांगितलं, "चालतंय की." माझ्या हुशारीवर मी फार खूश होते.

मिरजेहून गाडी धरली. आईला वेगळ्या डब्यात बसवलं, त्यामुळे प्रवास सुरळीत झाला. दिल्लीतही बहुतेक इमारती आमच्या सोयीच्या निघाल्या. राजघाटावर सगळेच उभे. लाल किल्ल्यात बसायला काहीच नाही म्हणून आईला तो फार आवडला. "राजं शाणं हुतं," ती म्हणाली. राष्ट्रपती भवनासमोर मंडळी बराच वेळ कठड्याला टेकून बघत राहिली, आणि न्यू पॅलेसवाले सदस्य शेवटी म्हणाले, "ह्ये जरा मोठं हाय." कोल्हापूरच्या माणसाकडून याहून जास्त कौतुक निघत नाही.

संसदेच्या दिवशी आबा पहाटेच तयार होऊन बसले होते. खळीचा फेटा, पिळदार मिशा, तोंडावर हसू मावत नव्हतं. गोल इमारत दिसली तसे ते रस्त्यातच थांबले आणि त्यांनी तिला हात जोडले. आईनं दुरून तेच केलं.

झडत्या झाल्या, पिशव्या बाहेर ठेवून घेतल्या आणि आमची पहिली तुकडी पुढं झाली. आम्ही मागं थांबलो. एवढ्यात तिथल्या कर्मचाऱ्यानं आमच्याकडे बघून विचारलं, "आप लोग भी इन्हीं के साथ हैं?" मी म्हणाले, हो, पण आम्ही नंतर. तो म्हणाला, आज गर्दी नाही, सगळे एकदमच चला. मी त्याला आमची अडचण समजावायचा प्रयत्न केला. पण थोरला दीर, धाकटी भावजय, बाक आणि उंची हे सगळं हिंदीत एका दमात सांगता येत नाही. त्यानं माझ्याकडे काळजीनं बघितलं आणि सगळ्यांना आत सोडलं. आईनं डोईवरचा पदर आणखी पुढं ओढला.

गॅलरीत पाऊल टाकलं आणि खाली ते सगळं दिसलं. हिरवे गालिचे, अर्धगोल बाकं, मोठ्यानं बोलणारी माणसं. आबा पुढच्या रांगेत बसले होते आणि गळा पुढं काढून, फेट्यासकट वाकून बघत होते. त्यांच्या मागच्याच रांगेत आमच्यासाठी जागा होती. वडील बसले. सदस्यबाई बसल्या. मी बसले. आई पायऱ्यांवर भिंतीला चिकटून उभी राहिली.

"माताजी, बैठिए," कर्मचारी हळूच म्हणाला.

आईनं मान हलवली आणि पायरीवरच्या गालिच्यावर चटकन मांडी घातली.

"नीचे नहीं माताजी. सीट पर बैठिए."

आई उठली. पुन्हा भिंतीला टेकली. मी तिचा पदर ओढला, डोळे वटारले, दात-ओठ खाऊन म्हणाले, "बस की गं!" ती ढिम्म. कर्मचारी माणूस सभ्य होता. तो अजून हळू आवाजात म्हणाला, असं उभं राहता येत नाही, बसा नाहीतर बाहेर थांबा. तेवढं हिंदी आईला कळलं. तिनं एकदा खाली, त्या बाकांकडं बघितलं, आणि ती दाराकडे वळली.

इतक्या लांबून येऊन, आत पाऊल टाकून, ती वळली. मला ओरडावंसं वाटलं आणि तिथं ओरडायची सोय नव्हती.

तेव्हा आबांनी मागं बघितलं. कुजबुज त्यांच्या कानावर गेली असावी. त्यांना दाराकडे निघालेली भावजय दिसली, कर्मचारी दिसला, माझं तोंड दिसलं. सगळं एका नजरेत कळलं. तिथं म्हैस नव्हती. त्यांनी पुन्हा एकदा खाली सभागृहाकडं डोळे भरून बघितलं, मग मान वळवून मला म्हणाले, "तिला सांग, मी डोळं झाकल्यात. मला काय दिसत न्हाय."

आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. घट्ट, लहान पोरं लपाछपीत राज्य आल्यावर मिटतात तसे. हात गुडघ्यांवर, मिशा ताठ.

मी आईला निरोप दिला. तिचा विश्वास बसेना. ती दोन पायऱ्या खाली उतरली, वाकून आबांच्या तोंडाकडं तिनं नीट बघून घेतलं, आणि मग येऊन माझ्या शेजारी बसली. आधी बाकाच्या अगदी कडेवर. थोड्या वेळानं निम्म्यावर. मग तिची पाठ टेकली.

खाली एक बाई बोलायला उठल्या. टीव्हीतल्याच का दुसऱ्या, ते माहीत नाही. समोरून कुणीतरी मध्येच ओरडलं. बाईंनी बोलणं न थांबवता नुसता पंजा वर केला आणि ओरडणारा खाली बसला. आईनं माझं मनगट असं दाबलं की बांगडी रुतली. मी तिच्याकडं बघितलं तर ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. मला इतका आनंद झाला की मनगटाचं काही वाटलं नाही.

मध्येच तो कर्मचारी पुन्हा आला आणि त्यानं आबांच्या खांद्याला बोट लावलं. "बाबाजी, यहाँ सोना मना है."

आबा डोळे न उघडता म्हणाले, "सोया न्हाय. जागाच है."

वेळ संपेपर्यंत ते तसेच होते. शेवटी आई उठल्याचं मी सांगितलं तरी त्यांची खात्री पटेना. वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून पायऱ्या चढून बाहेर आले आणि दाराबाहेर आल्यावर त्यांनी डोळे उघडले. पारावर ज्याची गोष्ट सांगायचा शब्द देऊन आले होते, ती संसद त्यांनी जेमतेम पाच मिनिटं बघितली होती.

बाहेर रस्त्याच्या कडेला झाडाखाली चहा घेतला. पुरुष मंडळी पाहिलेल्याच्या बढाया मारत होती. आबा नुसता चहा पीत होते. मग कप ठेवून ते आई उभी होती तिथं आले. मी सवयीनं मध्ये सरकले.

"तू बाजूला हो," आबा मला म्हणाले. आणि आईला म्हणाले, "सांग आता. काय काय बघितलंस?"

आईनं माझ्याकडे बघितलं. आजूबाजूला बघितलं. दिल्लीत त्या वेळी जवळपास एकही म्हैस नव्हती. मग तिनं जमिनीकडं बघत, पदराआडून सुरुवात केली. गालिचा असा, बाकं अशी, मधल्या उंच खुर्चीवरचा माणूस असा. आवाज आधी चहाच्या वाफेएवढा. आबा विचारत गेले. बाया कुठं बसल्या हुत्या? मदीच? बाप्यांच्या शेजारी? बाईंचा आणि पंज्याचा प्रसंग येईपर्यंत आईचा पदर खांद्यावर आला होता, हात वर गेला होता, आणि पलीकडचा पोलीस वळून बघायला लागला होता.

"आन् मग त्यो गप बसला?" आबांनी विचारलं.

"बसला की! न बसून सांगतो कुणाला?"

आबा मिशीतल्या मिशीत हसले. मग एकदम म्हणाले, "मग तू गं का गप बसतीस मिटिंगला?"

आईचा वर गेलेला हात खाली आला. मला वाटलं, आता पदर पुन्हा डोईवर जाणार. पण ती म्हणाली, "तुमी डोळं उघडं ठिवून बसतासा न्हवं."

वडिलांनी उगीचच रिकामा कप तोंडाला लावला.

गावात परतल्यावर आबांनी पारावर तीन संध्याकाळ संसद सांगितली. गालिच्यापासून पंज्यापर्यंत, एकही गोष्ट न गाळता, आईच्या शब्दांत. गावानं माना डोलावल्या.

नंतरच्या मिटिंगला मी मुद्दाम खिडकीशी जाऊन उभी राहिले. आबांनी आपल्यासमोर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला एक खुर्ची मांडायला लावली. आई दारात येऊन थांबली. आबांनी फेटा सारखा केला, हात गुडघ्यांवर ठेवले, डोळे मिटले आणि म्हणाले, "चला, सुरू करा." आई जाऊन खुर्चीवर बसली. शाळेत पोरींना संडास नाही, हा विषय तिनं काढला, आणि बाकीच्यांनी मध्ये तोंड घातलं तेव्हा तिनं पंजा वर केला. डोळे झाकलेले आबा म्हणाले, "बराबर बोलतीया. लिवा."

तिची मुदत संपेपर्यंत दर मिटिंगला आई बोलायला लागली की आबा डोळे झाकत. संडास झाला, दोन नळ झाले, आणि गावात बोभाटा झाला की सरपंच मिटिंगला झोपा काढतात. विरोधकांना आयतं कोलीत मिळालं. पारावर एकजण सगळ्यांदेखत म्हणाला, "काय आबा, मिटिंगला डुलकी लागती म्हणं?"

आबांना कुणी म्हातारं म्हटलेलं खपत नसे. रस्त्यात कुणी आजोबा म्हणालं तर ते त्याला थांबवून दंड दाबून बघायला लावत. आम्हाला वाटलं, आता तो विचारणारा पारावरून उचलून फेकला जातोय.

"व्हय रे," आबा म्हणाले, "वय झालं आता."